बर्डीवरची शिलावर्तुळं: ओळखावी कशी, मोजावी कशी, नोंदवावी कशी

विदर्भात लहानशा खडकाळ टेकडीला बर्डी म्हणतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा या जिल्ह्यांत अशा बर्ड्यांच्या माथ्यावर आणि त्याहून जास्त त्यांच्या उतारावर व पायथ्याच्या मुरमाड माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं दिसतात. भोवती धोंड्यांचं कडं असतं आणि आत दगडगोट्यांचा किंचित उंचावलेला ढिगारा असतो. ही दफनं आहेत, लोखंड वापरणाऱ्या माणसांची, ढोबळमानानं इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली. अभ्यासक त्यांना महापाषाणयुगीन किंवा बृहदश्मयुगीन शिलावर्तुळं म्हणतात.

यातली फार थोडी वर्तुळं उत्खननात तपासली गेली आहेत. बरीचशी कागदावरही नाहीत. मुरमाची खाण किंवा नवा लेआउट आला की ती एका आठवड्यात जातात, आणि तिथं काय होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. दोन-तीन जणांनी एक दिवस घालवून, एकही दगड न हलवता नीट मोजलेलं वर्तुळ मात्र नोंदीत कायमचं राहतं. ते कसं करायचं ते इथं क्रमानं सांगितलं आहे.

१. आधी डोळा तयार करा

नवं स्थळ शोधायला निघण्यापूर्वी एक माहीत असलेलं स्थळ पाहा. नागपूर-काटोल रस्त्यावरचं जुनापाणी यासाठी सर्वांत चांगलं. तिथं सुमारे ३०० वर्तुळं आहेत आणि स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९६१-६२ मध्ये सर्वेक्षणानं तिथली तीन वर्तुळं खणून पाहिली होती.

दहा-बारा वर्तुळांभोवती सावकाश चक्कर मारा. कड्याचे धोंडे केवढे आहेत, दोन धोंड्यांत किती अंतर आहे, आतला भराव कड्यापेक्षा किती वर आलाय, हे निरखा. एका वर्तुळाच्या मधोमध उभं राहून शेजारचं वर्तुळ किती पावलांवर आहे तेही मोजा. वर्तुळं क्वचितच एकेकटी असतात. हा अंदाज एकदा अंगवळणी पडला की पुढं नुसत्या दगडांच्या ढिगाऱ्याला वर्तुळ म्हणण्याची चूक होत नाही.

२. घरबसल्या शोध

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळवा. त्यावर मुरमाड उंचवटे, त्यांच्या पायथ्याचे नाले आणि 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनी यांवर खुणा करा. वर्तुळं टिकली आहेत ती बहुतेक पिकाला निरुपयोगी ठरलेल्या जमिनीत. ज्यांनी ती बांधली त्यांनाही दगड तिथंच हाताशी होता आणि काळी सुपीक जमीन अडत नव्हती.

मग उपग्रहचित्रं बघा. ८ ते १५ मीटर व्यासाचं कडं मोठं करून पाहिल्यास ठिपक्यांच्या बांगडीसारखं दिसतं. काही वर्तुळांचा व्यास २० मीटरच्याही पुढं जातो. जुनी चित्रं पाहायची सोय असेल तर एप्रिल-मेमधली निवडा, कारण गवत वाळलेलं असतं. पावसाळ्यातल्या चित्रात काही दिसत नाही म्हणून जागा सोडून देऊ नका. पाच-सात वर्षांच्या चित्रांत एखादंच स्वच्छ निघतं.

३. हंगाम, परवानगी, सामान

डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये दगड सर्वांत उघडे असतात, पण विदर्भातल्या उन्हात सकाळी दहाच्या पुढं बर्डीवर थांबणं धोक्याचं आहे. सूर्योदयानंतरचा पहिला तास सोडू नका. तेव्हा तिरप्या उन्हात जेमतेम वीतभर उंचीचा उंचवटाही सावली टाकतो. तोच दुपारी सपाट माळ दिसतो.

जमीन खाजगी असेल तर मालकाला आदल्या दिवशीच भेटा, वनखात्याची असेल तर वनरक्षकाकडून परवानगी घ्या. गावात जाऊन 'महापाषाणयुगीन' म्हटलंत तर कुणालाच कळणार नाही. "गोल मांडलेले गोटे कुठं आहेत का?" असं गुराख्याला विचारा. काही ठिकाणी ही वर्तुळं गवळ्यांची म्हणून सांगतात. कुणी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ती नोंदही जपण्यासारखी आहे.

सामान साधंच लागतं: ३० मीटरची फायबरची टेप, ५ मीटरची लहान टेप, होकायंत्र, १:१०० प्रमाणाच्या आराखड्यासाठी ए-फोर आकाराचा आलेख कागद, पॅड, पेन्सिल, ३० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, फोटोत ठेवायला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक मीटरची काठी, चार खुंट्या, सुतळी, आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, निदान १५ मीटर लांब. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला. धोंड्यांच्या कपारीत विंचू असतात, घोणस असते. दगडाखाली हात घालू नये, यामागं वारशाचं कारण आहे तसंच हेही आहे.

४. हे वर्तुळच आहे का?

चार गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत. कड्याचे धोंडे आतल्या गोट्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे हवेत, म्हणजे एका माणसाला न उचलवणारे. त्यांची रांग वळणदार हवी, निदान अर्ध्या घेराएवढी तरी शिल्लक. आतला भराव गोट्यांचा आणि मध्याकडे फुगीर असावा. आणि बाहेरच्या जमिनीवर तसे गोटे दाटीनं पसरलेले नसावेत.

फसवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. शेत साफ करताना धुऱ्यावर टाकलेला दगडांचा ढीग लांबट असतो, त्याला कडं नसतं आणि दगड लहानमोठे मिसळलेले असतात. जुनं खळं गोल असतं, पण मधोमध चोपून सपाट केलेलं असतं, फुगीर नसतं. कधी मध्ये तिवड्याचा, म्हणजे मळणीच्या मधल्या खांबाचा, खड्डा सापडतो. मेंढरांच्या वाड्याला आत जायला फट ठेवलेली असते आणि दगड एकावर एक रचलेले असतात. भूमापनाच्या खुणेचा दगडी बुरूज नेमका सर्वांत उंच टोकावर असतो, रुंदीला लहान आणि उंचीला जास्त.

सर्वांत जास्त फसवतो तो निसर्गच. बेसाल्ट खडक झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गोटे उरतात. उतारावर ते आपोआप ओळीत अडकतात. अशा वेळी धोंड्याच्या बुडाशी वाकून पाहा. नैसर्गिक गोटा त्याच कुजलेल्या खडकात रुतलेला असतो आणि भोवती पापुद्रे दिसतात. मांडलेल्या धोंड्याच्या बुडाशी वेगळी माती असते आणि त्याची लांब बाजू बहुधा कड्याच्या ओळीत असते.

आणखी एक काळजी घ्या. काही समाजांची आजची दफनभूमीही अशाच माळावर असते. ताजी माती, कुंकू, नारळ किंवा दिवा दिसला तर मोजणी थांबवा आणि गावात विचारा.

५. मोजणी

सर्वांत जास्त चुका इथंच होतात, म्हणून ही पायरी सविस्तर.

आधी सगळ्या वर्तुळांना क्रमांक द्या आणि गावाच्या नावाची आद्याक्षरं जोडा. दगडावर रंग किंवा खडू लावायचा नाही. क्रमांकाची चिठ्ठी लहान गोट्याखाली दाबून फोटो घ्या आणि जाताना चिठ्ठी उचला. वर्तुळाच्या मध्यावर फोन दोन-तीन मिनिटं स्थिर धरून मग अक्षांश-रेखांश लिहा, दशांश चिन्हापुढं पाच आकडे. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर. फोनची चूक मात्र उघड्या माळावरही तीन-पाच मीटर असते, आणि दोन वर्तुळांत कधीकधी तेवढंच अंतर असतं. म्हणून शेजारच्या वर्तुळांमधली अंतरं टेपनंही मोजा, नाहीतर घरी आल्यावर चौथं कोणतं नि पाचवं कोणतं ते कळत नाही.

व्यास दोनदा घ्या, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. कड्याच्या धोंड्यांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. आतून घेतलात की बाहेरून, हे लिहिलं नाही तर आकडा निरुपयोगी होतो, कारण धोंडे ६०-७० सेंटिमीटर जाड असले की दोन्हीत सव्वा-दीड मीटरचा फरक पडतो.

आता आराखडा. मध्यावर उभं राहून होकायंत्रानं प्रत्येक धोंड्याचा कोन घेण्याचा मोह होतो. बेसाल्टवर ते करू नका. या खडकात चुंबकीय खनिज असतं आणि मोठ्या धोंड्याजवळ सुई कित्येक अंश सरकू शकते. उत्तर दिशा एकदाच ठरवा, वर्तुळापासून पाच-सात मीटर दूर, मोकळ्या मुरमावर. दोन जागी वाचन घ्या आणि दोन्ही जुळली तरच धरा.

बाकी सगळं दोन बिंदूंवरून करायचं. वर्तुळाच्या दक्षिणेला, कड्यापासून ३ मीटर बाहेर, दोन खुंट्या बरोबर १२ मीटर अंतरावर ठोका. एकीला क म्हणा, दुसरीला ख. खुंट्या वर्तुळाच्या आत कधीही ठोकू नका. उत्तरेच्या धोंड्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं धोंड्यांना १, २, ३ क्रमांक द्या आणि प्रत्येकाचं क पासूनचं व ख पासूनचं अंतर लिहा. लांबट धोंडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांची अंतरं घ्या. घेरात रिकामी जागा असेल तर तिथं 'धोंडा नाही' असं लिहा. ते न लिहिल्यास मोजायचा राहून गेला असं पुढच्याला वाटतं.

कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर हे प्रमाण धरा. क आणि ख १२ सेंटिमीटर अंतरावर येतील. धोंडा क्रमांक १ हा क पासून १५.४० आणि ख पासून १६.१० मीटर असेल तर एका पट्टीचा शून्य क वर, दुसरीचा ख वर टेकवा आणि पहिलीवरचा १५.४ व दुसरीवरचा १६.१ जिथं भेटतात तिथं ठिपका द्या. शाळेचं कंपास एवढं उघडत नाही, दोन पट्ट्यांनी काम चांगलं होतं. चार-पाच धोंडे झाले की ताळा घ्या: जमिनीवर १ ते ५ हे अंतर टेपनं मोजा आणि कागदावर पट्टीनं. १० सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर एखादं वाचन चुकलंय. ते तिथंच शोधा, घरी गेल्यावर सापडत नाही.

टेप आडवी आणि ताणलेली हवी. १० मीटरला १ मीटर चढ असताना टेप जमिनीला टेकवून मोजलं तर चूक सुमारे ५ सेंटिमीटर, ती चालते. चढ २ मीटरचा असेल तर चूक २० सेंटिमीटर होते, ती चालत नाही. अशा उतारावर खालच्या माणसानं टेप काठीच्या आधारानं वर उचलायची. वारा असला की टेपला पोट येतं. मग अंतर दोन तुकड्यांत घ्या.

उंचीसाठी लेव्हलची नळी. नळीत पाणी भरून बुडबुडे पूर्ण काढा. एक बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही. एक टोक वर्तुळाबाहेरच्या मूळ जमिनीवर, एक टोक मध्यावर. बाहेर पाणी जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर आणि मध्यावर ९५ वर असेल, तर ढिगाऱ्याची उंची ४५ सेंटिमीटर. उतारावर बाहेरचं वाचन वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना घेऊन सरासरी काढा, नाहीतर बर्डीचा उतारच ढिगाऱ्याची उंची म्हणून नोंदला जातो.

६. धोंड्यांवरचे खळगे

काही वर्तुळांच्या कड्यावरच्या एखाद-दुसऱ्या धोंड्यावर कोरलेले वाटीसारखे खळगे असतात. जुनापाणीला ते आहेत, आणि ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली छापलेल्या टिपणातही नागपूर परिसरातल्या अशा खळग्यांची नोंद आहे. ते सहज दिसत नाहीत. दुपारच्या उन्हात तर मुळीच नाही. ढगाळ वेळी किंवा सावली धरून, टॉर्चचा झोत दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर फिरवा. सपाट वाटणाऱ्या दगडावर अचानक काळ्या टिकल्यांची ओळ उमटते, एकाच मापाच्या आणि सारख्या अंतरावरच्या.

बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची नैसर्गिक छिद्रंही असतात. ती वेड्यावाकड्या आकाराची, लहानमोठी, सर्व बाजूंना विखुरलेली असतात आणि काहींत पांढरं स्फटिकासारखं खनिज भरलेलं असतं. कोरलेला खळगा गोल असतो, त्याचा तळ गुळगुळीत असतो, आणि तो बहुधा ओळीत किंवा ठरावीक मांडणीत येतो. व्यास आणि खोली मिलिमीटरमध्ये घ्या. धोंडा वर्तुळाच्या कोणत्या दिशेला आहे आणि खळगे आतल्या, बाहेरच्या की वरच्या बाजूला आहेत, हे हमखास लिहा. अभ्यासकांनी या खळग्यांचा दिशांशी संबंध तपासला आहे, त्यामुळं दिशेशिवाय घेतलेल्या फोटोचा उपयोग अर्धाच. खळगे उठून दिसावेत म्हणून खडू, तेल, पाणी, ब्रश काहीही लावू नका.

७. आत काय असतं, आणि खणू का नये

माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, खैरवाडा या ठिकाणच्या उत्खननांतून आतली रचना बरीच कळली आहे. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं १९७०-७२ मध्ये माहूरझरीला काम केलं, पुढं २००० नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनंही तिथं उत्खनन केलं. गोट्यांच्या थराखाली चिकट काळी माती असते. मुरमाड जमिनीत ती नैसर्गिकरीत्या नसते, ती आणून भरलेली आहे. तिच्यात हाडांचे अवशेष, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याच्या वस्तू, मणी मिळतात. सांगाडा सलग मिळेलच असं नाही. बऱ्याचदा मोजकी हाडंच ठेवलेली असतात. काही वर्तुळांत माणसासोबत घोडाही आहे, त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज आणि जबड्यात लोखंडी लगाम.

यातली प्रत्येक गोष्ट कुठं होती यावर अर्थ ठरतो. लगाम घोड्याच्या जबड्यात सापडला म्हणून तो लगाम. तोच खणून वर काढून पिशवीत टाकला तर गंजलेला लोखंडाचा तुकडा. हाडं कोणत्या बाजूला होती, भांडं उपडं होतं की सुलटं, हे एकदाच दिसतं.

गुप्तधनाच्या नादानं खणलेली वर्तुळं मध्यभागीच्या खोलगट खड्ड्यावरून ओळखू येतात. असं काही दिसलं तर खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली घ्या आणि माती ताजी आहे का ते लिहा. कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे. हा कायदा १८७८ पासून लागू आहे. केंद्रीय संरक्षित स्थळापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम आणि खाणकामाला मनाई आहे, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

पावसानं धुपून वर आलेली खापरं दिसतील. आतून आणि काठाशी काळं, बाहेरून खाली तांबडं असं खापर दिसलं तर ते फार महत्त्वाचं. पट्टी ठेवून फोटो घ्या, वर्तुळाच्या कोणत्या भागात आहे ते आराखड्यावर दाखवा, आणि तिथंच ठेवा.

८. पांढरी शोधा

वर्तुळं मोजून झाली की नाल्याच्या काठानं एक-दोन किलोमीटर चाला. ही माणसं कुठंतरी राहतही होती. राखाडी-पांढरट, भुसभुशीत मातीचं टेकाड, म्हणजे जुनी पांढरी, आणि त्यावर तीच काळी-तांबडी खापरं, अशी जागा सापडली तर दफनांइतकीच ती मोलाची आहे. नायकुंडला वस्तीच्या जागेवर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. लोखंड गाळताना उरलेली काळी, जड, बुडबुडेदार मळी दिसली तर तिचीही नोंद घ्या.

९. नोंद पोहोचवणं

प्रत्येक वर्तुळाला एक पान द्या: क्रमांक, गाव, तालुका, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, दोन्ही व्यास, उंची, उभ्या, पडलेल्या आणि गायब धोंड्यांची संख्या, खळगे, नासधूस, तारीख, मोजणाऱ्यांची नावं. सोबत आराखडा आणि चार दिशांनी घेतलेले चार फोटो, प्रत्येकात मीटरची काठी उभी. नासधुशीच्या रकान्यात कारण नेमकं लिहा. 'खराब झालं' यातून कुणाला काही करता येत नाही. 'पश्चिमेचे सहा धोंडे मुरूम काढताना ढकलले, खाणीची कडा ४ मीटरवर' यातून करता येतं. नांगरट, रोपवनासाठी खणलेले खड्डे आणि चर, क्रशर, रस्त्यासाठी नेलेला दगड, ही नेहमीची कारणं.

एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला, एक नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला द्या. ग्रामपंचायतीलाही आराखड्याची झेरॉक्स द्या, कारण खाणीच्या ठरावावर सही तिथं होते. पोच घ्या. अक्षांश-रेखांश मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोच्या फाइलमधलं ठिकाणही काढून टाका.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, जुना आराखडा हातात घेऊन पुन्हा जा आणि एक नंबरच्या धोंड्यापासून मोजत निघा.